बर्फावरचा वावटा

हेमांगी मोंडकरला मासळीच्या वासाची किळस येईल असं कोणी सांगितलं असतं, तर अख्खी खारशिंग वाडी पोट धरून हसली असती. ती लहानाची मोठी झाली तीच मुळी सुकत घातलेल्या जवळ्याच्या चटईवर कावळे हाकत. शाळेत मुली तिच्या दप्तराच्या वासाने नाक मुरडायच्या, तेव्हा ती मुद्दाम त्यांना खेटून बसायची. समुद्रशास्त्रात डॉक्टरेट मिळवून ती दक्षिण ध्रुवाकडच्या ठाण्यावर निघाली, तेव्हा बॅगेत सगळ्यात खाली, लोकरी मोज्यांच्या आत, सुक्या सोड्यांची पिशवी होती. विमानतळावर तिने ती औषध म्हणून खपवली. अशी ही बाई. आणि तीच त्या जून महिन्यात 'अन्नदा' नावाच्या बोटीच्या पोटात उतरली आणि कठडा धरून भडाभडा ओकली.

तिथे काय होतं ते येईलच. पण आधी शिडांचं सांगायला हवं, कारण शिडं तिचीच होती.

समुद्र गोठून वर जो बर्फ धरतो, तो काही डोंगरावरच्या बर्फासारखा गप पडून राहत नाही. त्याच्या लाद्या होतात, कुठे अंगणाएवढ्या, कुठे अख्ख्या तालुक्याएवढ्या, आणि वारा त्यांना हाकत नेतो. वारा शंभर मैल धावला तर बर्फ जेमतेम दोन मैल सरकतो. तोही नाकासमोर नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आहे, त्यामुळे उत्तर ध्रुवाकडे बर्फ वाऱ्याच्या उजव्या हाताला तिरका जातो आणि दक्षिणेकडे डाव्या हाताला. शिवाय ज्या लादीवर उंचवटे असतात तिला वारा घट्ट पकडतो. गुळगुळीत लादीवरून तो नुसताच घसरून जातो.

हेमांगीने म्हटलं, मग उंचवटे आपणच उभे करू की! तिने मिटता-उघडता येणारी शिडं बनवली. उन्हाळ्याच्या अखेरीस, बर्फ नुकता धरायला लागला की, यंत्रं ती लाद्यांवर रोवून येत, आणि मग ठाण्यावर बसून उपग्रहामार्फत हवी ती वर, हवी ती खाली. पुढच्या लाद्यांची शिडं चढवली की त्या पळत सुटतात. मागच्यांची उतरवली की त्या रेंगाळतात. मधे भेग पडते, आणि बर्फात अडकलेली बोट त्या भेगेतून सुखरूप बाहेर येते. ना सुरुंग, ना बर्फफोड्या जहाजाचा धूर. पहिल्याच हिवाळ्यात दोन संशोधन बोटी सुटल्या. हेमांगीचा फोटो पेपरात आला आणि तिच्या वडिलांनी, आबांनी, तो नाक्यावरच्या चहावाल्याला चिकटवायला लावला.

हिवाळ्यात त्या समुद्रात मासेमारीला बंदी होती. सगळ्या देशांनी मिळून करारच केला होता: बर्फाचं झाकण उघडायचं ते फक्त जीव वाचवायला, दुसऱ्या कशालाही नाही.

आता मेख पाहा. अडकलेल्या बोटीने हाक दिली की शिडं हलवायची. पण हाक खरी कशावरून? योजनेच्या बैठकीत दोघा-तिघांनी सुचवलं, आधी खात्री करून घेऊ, बोटीकडून फोटो मागवू, नोंदी तपासू. हेमांगी ताडकन उठली. तिच्या वाडीत संकटातली होडी वल्ह्याला फडकं बांधून उभं करायची. त्याला वावटा म्हणत. वावटा दिसला की ज्याने पाहिला त्याने होडी लोटायची. कोणाची, कशाला, कुठे, काही विचारायचं नाही. वैरी असला तरी नाही. "आमच्याकडे बुडणाऱ्याला ओळखपत्र मागत नाहीत," ती म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. योजनेला पैसा पुरवणाऱ्या कंपनीचे अधिकारी वरदराज शिरोळे यांनी तर जरा जास्तच वेळ वाजवल्या. तिच्या शब्दाखातर नियम ठरला: हाक आली की वाट उघडायची, प्रश्न नाही.

त्याच शिरोळ्यांनी निघताना मोठ्या आपुलकीने विचारलं, "मॅडम, तुमच्या घरात कोणी दर्यावर्दी आहे का? आमच्या बोटींना चांगली माणसं हवी असतात." घरात धाकटा भाऊ होता, बाबल. आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता. हेमांगीनेच त्याला न्हाऊ घातलं, हेमांगीनेच धाकात ठेवलं. गेली दोन वर्षं तो धक्क्यावर पत्ते कुटत बसला होता. कंपनीने त्याला 'अन्नदा'वर घेतलं, तेव्हा हेमांगीने शिरोळ्यांना स्वतःच्या हाताने केलेल्या खटखट्या लाडवांचा डबा पाठवला. पुढे तो डबा आठवला की तिला दातओठ खावेसे वाटत.

ठाण्यावर त्या हिवाळ्यात दोनच माणसं होती. एक हेमांगी, दुसरा वसईचा फिलिप डिमेलो, यंत्रं आणि स्वयंपाक दोन्ही सांभाळणारा, पन्नाशीचा, तोंडाने फटकळ. जून उजाडला. तिकडे वाडीत होड्या वर ओढून शाकारल्या असतील, इकडे समुद्र बर्फाखाली झाकला गेला होता. दुपारी तास-दोन तास तांबूस उजेड, बाकी काळोख. आणि रेडिओवर 'अन्नदा'ची हाक यायला लागली, बाबलच्याच आवाजात.

ही मासेमारी बोट हंगाम संपल्यावर दुरुस्तीसाठी मागे राहिली म्हणे, आणि बर्फात सापडली. हेमांगीने वाट उघडली. चार दिवसांनी पुन्हा हाक. पुन्हा उघडली. पुन्हा हाक.

"या बोटीला बर्फाचा सोस आहे की काय?" फिलिप कांदा चिरता चिरता म्हणाला. "एवढ्या वेळा तर माझी बायको माहेरी जात नाही."

"फिलिपदादा, वावटा दिसला की..."

"विचारायचं नाही. ठाऊक आहे गं बाई. मी कांद्याला विचारतोय."

महिनाअखेर 'अन्नदा' ठाण्याजवळच्या बर्फाला येऊन लागली. ठाण्याला डिझेल आणि बटाटे द्यायचे होते. हेमांगी बर्फगाडीवरून भावाला भेटायला गेली. सोबत सोड्यांची ती पिशवी, अर्धी त्याच्यासाठी राखलेली. बाबल शिडीवरून धावत आला आणि त्याने तिला मिठी मारली. मिठीतच तिला तो वास आला. आंबूस, जळकट, लघवीसारखा नाकात चढणारा.

"काय रे हा वास?"

"कामाचो वास तो, ताय," बाबल हसला. "नाक काय मुरडतंस? तू काय बामणीण झालंस? चल, दाखवतंय."

तो तिला खाली घेऊन गेला. खाली कारखाना होता. रुंद पट्ट्यावरून गुलाबी-करडा लगदा सरकत होता, थांबता थांबत नव्हता, आणि उकळत्या टाक्यांत पडत होता. वाफ तेलकट होती. भिंतींवर तिची पिवळी साय धरली होती आणि ती ओघळून खाली ठिबकत होती. जमीन बुळबुळीत. जाळं रिकामं होत होतं तिथे जाळीत सीलचं एक पिल्लू मानेने अडकलं होतं, मेलेलं. एक खलाशी आकड्याने ते ओढून काढत होता, आणि त्याच्या दुसऱ्या हातात बिस्किटाचा पुडा होता. पिल्लू निघालं, त्याने ते लाथेने टाकाऊ घाणीच्या भोकात ढकललं आणि बिस्किट तोंडात टाकलं.

हेमांगीने लगद्यात बोट घातलं. तांदळाएवढे, काचेसारखे जीव, प्रत्येकाला काळ्या मोहरीसारखे दोन डोळे. लांबून जो लगदा दिसत होता तो जवळून नुसता डोळेच डोळे होता. ती पिल्लं होती, क्रिलची. क्रिल म्हणजे त्या थंड समुद्रातला जवळाच. उन्हाळ्यात अंडी फुटतात, आणि पहिला हिवाळा ही पिल्लं बर्फाच्या पोटाशी काढतात. बर्फाच्या खालच्या अंगाला शेवाळ धरतं, ते खरवडून जगतात. वर झाकण आहे म्हणून निवारा, झाकण आहे म्हणून अन्न. तीच पुढे मोठी होऊन पेंग्विन, सील, देवमासे सगळ्यांना पोसतात. बंदी होती ती यांच्यासाठी. झाकणच काढलं तर पुढल्या वर्षी त्या समुद्राच्या चुलीवर काय शिजणार?

"ही पिल्लं आहेत रे बाबल. तान्ही पिल्लं."

"होय तर. कोवळ्या क्रिलाचा तेल. बायका तोंडाक लावतत म्हणे, सुरकुत्या जातत."

"पण तुम्ही अडकला होतात ना? मी वाट उघडली ती तुम्ही बाहेर पडावं म्हणून."

बाबलला हसूच आवरेना. "अडाकलंव म्हटल्याबिगर तू उघडतंस थोडीच, ताय?"

"म्हणजे त्या हाका तू जाणूनबुजून मारायचास?"

"मीच. कप्तान म्हणता, माझो आवाज ऐकलो की तू वाट बेगीन उघडतंस."

त्याने ते इतक्या सरळपणे सांगितलं, जणू गावात फुकट मिळालेल्या फणसाचं सांगत होता. खोटा वावटा. ज्या वाडीत दारुड्यानेसुद्धा कधी खोटा वावटा लावला नाही, त्या वाडीतला हा, तिच्या मांडीवर वाढलेला. हेमांगीने कठडा धरला आणि ती ओकली. बाबल पाठ चोळायला आला तसा तिने त्याचा हात झटकला.

"हात लावू नकोस मला. शी! कुठल्या मातीचा झालास रे तू?"

सोड्यांची पिशवी तिने परत आणली. फिलिपने तिचा चेहरा पाहिला आणि न विचारता चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने शिरोळ्यांना पडद्यावर गाठलं. ते पिस्ते खात होते. एकेक टरफल जिभेवरून काढून बशीत ठेवत होते, ओलं, चकचकीत.

"मी करार करणाऱ्यांना कळवणार आहे," हेमांगी म्हणाली.

"काय कळवणार, मॅडम? बोट अडकली, तिने हाक दिली, तुम्ही वाट उघडली. बाहेर पडताना थोडी मासळी आपसूक जाळ्यात आली. नोंदीत गुन्हा कुठे आहे? आणि असलाच तर वाट उघडणारा हात प्रत्येक वेळी तुमचा आहे."

"मग मी आजपासून झाकण बंद करते."

शिरोळ्यांनी बोट चाटलं. "अहो, बर्फ आवळला तर बोट पिचू शकते. तुमचा भाऊ आहे ना तिच्यावर? आम्ही माणसं विचार करूनच घेतो."

ते हे इतक्या गोड आवाजात बोलले की हेमांगीला अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला. लागला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. बाबलला नोकरी दिली नव्हती, त्याला दावणीला बांधला होता, आणि दोर तिच्या हातात दिला होता. वर तिने लाडू पाठवले होते! तिने पडदा बंद केला. काचेवर त्या माणसाची थुंकी उडाल्यासारखं वाटून तिने तो फडक्याने खसाखसा पुसलासुद्धा.

"काय करणार?" फिलिपने विचारलं.

"सांगून करणार. मी काही त्यांच्यासारखी नाही."

तिने सगळ्या बोटींना ऐकू जाईल असा संदेश सोडला: उद्या दुपारी शिडं उतरतील, झाकण मिटेल, 'अन्नदा'ने तोवर खुल्या समुद्रात जावं. मग बाबलला वेगळं सांगितलं. "बाबल, कप्तानाला सांग, मी थट्टा करत नाही. निघा."

पलीकडून हसण्याचे आवाज आले. "ताय, तू माझ्यावर बर्फ मिटतलंस? तू? गप ऱ्हव गो."

दुपार झाली. ठाण्यापासून दूर, ईशान्येच्या भेगेत जाळं टाकून बसलेली 'अन्नदा' हलली नाही. हेमांगीने शिडांच्या कळीवर बोट ठेवलं. पाळण्यातलं ते पोर तिला दिसत होतं, आणि ते काळे डोळेही दिसत होते, पट्ट्यावरून सरकत जाणारे. तिने शिडं उतरवली. उपग्रहाच्या चित्रात काळी भेग आधी करडी झाली, मग पांढरी झाली आणि नाहीशी झाली. बोट मधोमध.

दोन दिवस बोटीकडून शिव्या आल्या. तिसऱ्या दिवशी पूर्वेचा वारा सुटला, असा की ठाण्याचं छप्पर कण्हायला लागलं. वाऱ्याने मागचा बर्फ पुढच्यावर रेटला. आणि हाक आली.

"ताय, अडाकलंव. खराच अडाकलंव. बोट कडकडता गो. खालचो पत्रो वाकलो."

मागून कप्तानाचा आवाज, "वाट उघडायला सांग! सरळ उत्तरेला!"

हेमांगीचं डोकं थाऱ्यावर होतं. वाट उघडली की हे सगळा माल घेऊन पळणार, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार. वावट्याच्या रिवाजाचं दुसरं अंग तिला आठवलं. आबा सांगायचे, माणसं काढायची. होडी, जाळं, मासळी दर्याची. वाचवणाऱ्याने त्याला हात लावायचा नाही आणि वाचलेल्याने मागायचं नाही.

"बाबल, नीट ऐक. मी माणसा काढतंय. बोट न्हय. इंजिन बंद करा आणि बर्फावर उतरायच्या तयारीत बसा."

मग तिने जे केलं ते आजवर कोणी केलं नव्हतं. बोट बर्फातून सोडवायची नाही. जिच्यात ती रुतली ती लादीच बोटीसकट ठाण्यापर्यंत वाहून आणायची. वारा पूर्वेचा, म्हणजे पश्चिमेकडे वाहणारा. कप्तानाला वाटत होतं, आपण पश्चिमेला भरकटत जाऊ. पण बर्फ वाऱ्याच्या डावीकडे तिरका जातो. पश्चिमेला तोंड केलं तर डावीकडे दक्षिण, आणि नैर्ऋत्येला ठाण्याचा किनारा. बोट पिचू नये, पण वाटही उघडू नये, अशा बेताने पुढच्या लाद्यांची शिडं चढवायची, मागच्यांची उतरवायची. जत्रेच्या गर्दीत पुढच्यांनी भराभर पाय उचलले की मधल्याला श्वास घेता येतो, तसं. वारा जरा फिरला की सगळी मांडणी बदलायची. एका बाजूचं शीड चुकलं तर त्या बाजूचा बर्फ बोटीच्या बरगड्यांत घुसणार.

ती खुर्चीवरून उठली नाही. फिलिप चहा ठेवत होता, गार झालेला उचलत होता.

"त्या मेल्यांसाठी एवढा जीव काढतेस?" तो शेवटी करवादला. "माझ्या हातात असतं तर..."

"त्यांच्यासाठी नाही, फिलिपदादा. हाक दिलीय ना त्यांनी. या वेळी खरी आहे."

वारा पडला तेव्हा ठाण्याच्या खिडकीतून 'अन्नदा' दिसत होती, कुशीवर कललेली, बर्फात घट्ट बसलेली. माणसं एकामागून एक चालत आली. सगळी. कोणाच्या पायाचं बोटही गेलं नव्हतं. बोट तिथेच राहिली, पोटात लगदा, तेल आणि बारीक जाळं घेऊन. वसंतात करारवाले येतील आणि स्वतःच्या नाकाने वास घेतील. कप्तान दारातच मालाचं काय म्हणून बोलायला लागला. हेमांगी म्हणाली, "तोंड धुऊन या. वास येतोय."

रिवाजाप्रमाणे वाचलेल्यांना आधी पेज द्यायची, प्रश्न मागाहून. फिलिपने मोठं पातेलं भरून तांदळाची पेज केली होती. हेमांगीने स्वतः वाढली. कप्तानाला वाढली, बिस्किटवाल्याला वाढली, बाबललाही वाढली. प्रत्येकाच्या अंगावरून तो आंबूस भपका उठत होता, आणि ती तोंडाने श्वास घेत वाढत होती.

बाबलचे ओठ फुटले होते. त्याने दोन घोट घेतले आणि तिच्याकडे पाहिलं.

"ताय, विचार ना माका. शिवी तरी दी."

तिने त्याच्या ताटलीत मीठ वाढलं आणि ती पुढे गेली.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. अनोळखी आवाज, मोडकंतोडकं इंग्रजी. छोटी संशोधन होडी होती, चार माणसं. वादळाने खुल्या समुद्रातून बर्फात रेटली होती, पाणी आत येत होतं. वाट उघडा, कृपा करून वाट उघडा.

हेमांगीचा हात कळीकडे गेला. आणि कळ दाबायच्या आधी तिच्या तोंडून निघालं, "खरंच? खरंच अडकला आहात?"

फिलिपचा डाव हवेत थांबला. मग तो आवाज पुन्हा आला, या वेळी रडवेला. त्याला प्रश्नच कळला नव्हता, तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता, पाणी येतंय, पाणी येतंय.

तिने कळ दाबली. दूर काळोखात शिडं उभी राहिली. साठ वर्षांत आबांनी हा प्रश्न एकदाही कोणाला विचारला नव्हता. तिने विचारला. ओकल्यावर पुसतात तसं तिने पालथ्या हाताने तोंड पुसलं, पण चव गेली नाही.

बाबल ताटली खाली ठेवून उठला होता. त्याला कळलं होतं.

"बघितलंस?" ती त्याला म्हणाली. "हे तू केलंस. यापुढे जो कोणी हाक मारील, त्याला मी आधी हे विचारणार. मला नको असलं तरी विचारणार. तुझ्या अंगाचा वास दोन आंघोळींत जाईल रे, माझ्या तोंडाचा नाही जाणार."

हेमांगीने पडद्याकडे तोंड फिरवलं. भेग हळूहळू काळी होत होती.

"फिलिपदादा," ती म्हणाली, "दुसरी पेज टाका. चार माणसं येतायत."